कापडी पिशवी आणि पोडियमवरचं पार्किंग

श्रावण संपत आला की मुंबईतल्या मराठी घरांत पर्यावरणाचा हंगाम सुरू होतो. मूर्ती शाडूची की पीओपीची, थर्माकोल नको तर मखर कशाचं, विसर्जन चौपाटीवर की पालिकेच्या कृत्रिम तलावात, निर्माल्य कुठे टाकायचं, या प्रत्येक प्रश्नावर घरात आणि सोसायटीच्या ग्रुपवर हिरीरीनं वाद होतात. (शाडूची माती बहुतेक गुजरातेतून ट्रकमध्ये भरून येते, हे त्या वादात कुणी काढत नाही. असो.) बाकीचं वर्षभर कापडी पिशवी असतेच. २०१८च्या मार्चमध्ये राज्यात प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली, जूनमध्ये अंमलबजावणी सुरू झाली, आणि भाजीवाल्यापुढे स्वतःची पिशवी उघडून धरणारा माणूस सुजाण नागरिक ठरला.

यातल्या कशालाही माझा विरोध नाही. पिशवी न्यावी, मूर्ती शाडूची आणावी. तक्रार एवढीच आहे की आपली सगळी अपराधी भावना आणि सगळा उत्साह इथेच खर्ची पडतो, आणि जिथे खरा खर्च होतो तिकडे आपण ढुंकूनही पाहत नाही.

महापालिकेनं मार्च २०२२ मध्ये ‘मुंबई वातावरण कृती आराखडा’ प्रसिद्ध केला. २०५० पर्यंत शहराचं निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणायचं, असं त्याचं उद्दिष्ट आहे. त्यात २०१९ सालचा हिशेब मांडलेला आहे. शहराच्या एकूण उत्सर्जनात ऊर्जेचा, म्हणजे मुख्यतः घरं, दुकानं आणि कचेऱ्यांत जळणाऱ्या विजेचा वाटा सुमारे ७२ टक्के. वाहतुकीचा २०. कचऱ्याचा ८. आपली पिशवी, आपलं निर्माल्य, आपला ओला-सुका कचरा, हे सगळं त्या आठात येतं. (प्लास्टिकनं नाले तुंबतात, समुद्र भरतो, तो प्रश्न वेगळा आणि खराच आहे. इथे बोलतोय ते तापमानाबद्दल.) बाकीचे ९२ टक्के आपण कशा इमारतीत राहतो आणि तिथून कामाला कसे जातो, यावर ठरतात.

ही इमारत कशी असावी, हे मुंबईतलं मध्यमवर्गीय कुटुंब आयुष्यात बहुधा एकदाच ठरवतं. सोसायटीच्या विशेष सर्वसाधारण सभेत, बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला द्यायची की नाही आणि कुठल्या अटींवर, यासाठी हात वर करताना. पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांचं विजेचं बिल, पाण्याचा पंप, गाडी, सगळं त्या संध्याकाळी नक्की होतं. माझं म्हणणं एवढंच आहे, की आपल्या वर्गाचा हवामानाबाबतचा सर्वांत मोठा निर्णय हा आहे, आणि तो आपण हवामानाचा एक शब्दही न उच्चारता घेतो.

मुलुंडला जा, बोरिवलीला जा, विलेपार्ल्यात, चेंबूरच्या टिळकनगरात नाहीतर विक्रोळीच्या कन्नमवारनगरात, सभा सारखीच असते. गच्चीवर नाहीतर शेजारच्या शाळेच्या हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या. समोर चेअरमन, सेक्रेटरी आणि ज्याला सगळे ‘पीएमसी’ म्हणतात तो सल्लागार. पहिला प्रश्न ठरलेला: कार्पेट, म्हणजे घरातलं वापरायचं क्षेत्र, किती टक्के जास्त मिळतंय? शेजारच्या सोसायटीला पस्तीस मिळाले म्हणे, मग आपल्याला तीस का? दुसरा, कॉर्पस, म्हणजे बिल्डर सभासदांना देतो तो निधी, किती. तिसरा, बांधकाम होईपर्यंतचं तीन वर्षांचं भाडं आगाऊ धनादेशांनी देणार की दर महिन्याला. चौथा, शिफ्टिंगचे किती, दलाली कोण भरणार. मग पार्किंग. इथे आवाज चढतात. ज्यांच्याकडे गाडी नाही तेही दोन पार्किंग मागतात, कारण ‘नंतर विकायला बरं’. मग मॉड्युलर किचन, व्हिट्रिफाइड टाइल्स, लॉबीत इटालियन मार्बल, पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या मजल्यांवरच्या मोकळ्या गच्चीवर, जिम. शेवटी वडापाव आणि चहा.

नवीन घराच्या खिडकीसमोर दुसऱ्या घराची खिडकी असेल का, वारा आत शिरून बाहेर कुठून पडेल, पश्चिमेच्या भिंतीवर उन्हाला काय आडवं येणार, आवारातल्या आंब्या-फणसाचं काय होणार, पावसाचं पाणी मुरायला जमीन उरणार का, हे विचारणारं सहसा कुणी नसतं. एखाद्या निवृत्त माणसानं विचारलंच तर त्याला प्रेमानं सांगतात, ‘काका, एसी लावा ना!’

आता जी इमारत पाडायची आहे तिच्याकडे जरा नीट बघू. सत्तर-ऐंशीच्या दशकातली तळमजला अधिक चार, बहुतेकदा लिफ्ट नसलेली. दिसायला अगदी सामान्य. पण प्रत्येक खिडकीवर हात-दीड हात बाहेर आलेला छज्जा, जो एप्रिल-मे मधलं माथ्यावरचं ऊन आणि जुलैतला तिरका पाऊस दोन्ही अडवतो. एका बाजूला गॅलरी, म्हणजे ऊन थेट खोलीच्या भिंतीवर पडत नाही. खिडक्या पूर्ण उघडणाऱ्या, दोन झडपांच्या. समोरासमोर खिडक्या असल्या की समुद्राकडून येणारा संध्याकाळचा वारा घरातून आरपार जातो. मुंबईत हा वारा म्हणजे चैन नव्हे. इथली हवा दमट, घाम वाळत नाही म्हणून तलखी होते, आणि वारा असेल तर तोच घाम वाळून शरीर थंड होतं. बत्तीस डिग्रीला पंख्याखाली निवांत झोपता येतं ते यामुळे.

नवीन इमारतीत यातलं काय काय गेलं? गॅलरी गेली, आणि ती कुणाच्या आवडीनिवडीमुळे गेली नाही. २०१२च्या जानेवारीत मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत मोठा बदल झाला. तोवर बाल्कनी, फ्लॉवरबेड वगैरे भाग एफएसआयमध्ये, म्हणजे भूखंडावर किती बांधकाम करता येईल त्या मर्यादेत, मोजले जात नव्हते आणि बिल्डर त्यांचा गैरफायदा घेऊन फ्लॉवरबेडची खोली करून विकत होते. हे थांबवण्यासाठी ते सगळं मोजायचं ठरलं, आणि बदल्यात निवासी इमारतींना ३५ टक्के जादा, ‘फंजिबल’ एफएसआय दिला. हेतू चांगला होता. परिणाम असा झाला की बाल्कनीचा प्रत्येक चौरस फूट खोलीच्या चौरस फुटाशी स्पर्धा करू लागला, आणि सभेत ‘कार्पेट किती’ विचारणाऱ्यांनी अर्थातच खोली निवडली. भिंती सपाट झाल्या, छज्जे आक्रसले. त्याच नियमांत आवश्यक पार्किंगचे मजले मात्र एफएसआयमध्ये मोजले जात नाहीत. म्हणजे मुंबईत माणसानं उघड्यावर बसायची जागा हिशेबात धरली जाते आणि मोटार उभी करायची जागा माफ असते. नियम लिहिणाऱ्यांनी हे वाक्य असं लिहिलेलं नाही, पण बांधलेल्या इमारतींकडे वर मान करून पाहिलं की तेच वाचता येतं: खाली सहा मजले गाड्या, वर सपाट काच.

दोन इमारतींमधलं अंतरही तसंच. नियमात जेवढी मोकळी जागा बाजूंना सोडायला सांगितली आहे तेवढी नाही सोडली तर प्रीमियम भरून ती कमतरता माफ करून घेता येते. पालिकेला उत्पन्न मिळतं, बिल्डरला जागा मिळते, आणि रहिवाशाला समोरच्याच्या स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट मिळतो. याचं टोक पाहायचं असेल तर गोवंडी-मानखुर्दला जावं. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींतल्या इमारती इतक्या चिकटून आहेत की खालच्या मजल्यांवर भरदुपारी दिवे लावावे लागतात. उजेड आणि वारा नसण्याचा तिथल्या क्षयरोगाशी संबंध असल्याचं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आलं. तिथे एसीचा पर्यायही नाही. वारा बंद करणारा नियम एकच असतो. त्याची किंमत कुणी विजेच्या बिलात भरतं, कुणी फुप्फुसात.

राहिल्या खिडक्या. सरकत्या, अॅल्युमिनियमच्या. सरकती खिडकी कितीही उघडली तरी अर्धीच उघडते, हे साधं गणित ब्रोशरमध्ये नसतं. त्यावर कबुतरांची जाळी. पश्चिमेला जमिनीपासून छतापर्यंत काच, कारण ‘सी व्ह्यू’, मग तो समुद्र दोन टॉवरमधल्या फटीतून बोटभर का दिसेना. दुपारी दोननंतर या काचेतून ऊन आत येतं, आतल्या वस्तू तापतात, आणि त्यांची उष्णता काचेतून परत बाहेर जात नाही. मग पडदे ओढायचे, आतले दिवे लावायचे आणि एसी चालू करायचा. दीड टनाचा एसी पूर्ण जोरात चालताना साधारण दीड हजार वॉट घेतो, साधा छताचा पंखा पंच्याहत्तर. वीस पंख्यांची वीज एका खोलीत. इन्व्हर्टर एसी खोली थंड झाल्यावर कमी घेतो हे खरं, पण खोली पुनःपुन्हा तापवणारी काच समोर असताना तो तरी किती आराम करणार! आणि आतली उष्णता तो बाहेर फेकतो, म्हणजे शेजाऱ्याच्या खिडकीत. मग शेजारी एसी घेतो. मी जिथे राहतो त्या गल्लीत नव्या टॉवरच्या मागच्या बाजूला एसीच्या बाहेरच्या युनिट्सची अशी रांग लागली आहे की मे महिन्यात त्या बाजूच्या जुन्या चाळवजा घरांनी खिडक्या लावून घेतल्या.

ही वीज येते कुठून? ट्रॉम्बेच्या कोळशातून, ज्याच्या शेजारी माहुलचे लोक राहतात. डहाणूच्या ५०० मेगावॉटच्या केंद्रातून. डहाणू तालुका १९९१ मध्ये केंद्र सरकारनं पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून अधिसूचित केला, तरीही चिकूच्या बागांच्या आणि वारली पाड्यांच्या मुलखात ते केंद्र नव्वदच्या दशकात उभं राहिलं आणि उपनगरांना उजेड देऊ लागलं. राज्यभरच्या ग्रिडमधून. आणि थोडी अजूनही सह्याद्रीतल्या जलविद्युत केंद्रांतून, भिरा, भिवपुरी, खोपोली.

भिऱ्याला पाणी जातं ते मुळशीच्या धरणातून. मुंबईच्या गिरण्यांना आणि रेल्वेला वीज हवी म्हणून मावळातली भाताची जमीन बुडणार होती, तेव्हा १९२१ साली शेतकऱ्यांनी ‘जान किंवा जमीन’ म्हणत सत्याग्रह केला. त्याचं नेतृत्व पांडुरंग महादेव बापट यांनी केलं आणि त्यातच ते सेनापती झाले. सत्याग्रह हरला, धरण झालं. त्यांच्या नावाचा रस्ता मुंबईत माहीम-दादरपासून लोअर परळपर्यंत जातो. तुळशी तलावाची पाइपलाइन तिथून जायची म्हणून जुनी माणसं त्याला अजून तुळशी पाइप रोड म्हणतात. याच रस्त्याच्या कडेनं एल्फिन्स्टन, ज्युपिटर, कमला, फिनिक्स या गिरण्या होत्या. आता तिथे काचेच्या कचेऱ्या, मॉल आणि हॉटेलं आहेत. रविवारी दुपारी भर उन्हात तिथल्या मॉलचं दार उघडलं की थंड हवेचा झोत फुटपाथपर्यंत येतो. मुळशीचं पाणी आजही त्यासाठी घाट उतरतंय.

या गिरण्यांच्या जमिनीवर काय व्हावं, हाही एका नियमानं ठरलेला प्रश्न होता. १९९१च्या नियमावलीतल्या ५८व्या नियमाप्रमाणे गिरण्यांच्या जमिनीचे ढोबळमानानं तीन वाटे व्हायचे होते: एक पालिकेला मैदानांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त ज्या जमिनीवर बांधकाम नाही तेवढ्याचीच करायची असं झालं. गिरणी म्हणजे बहुतांश बांधकामच. उच्च न्यायालयानं २००५ मध्ये लोकांच्या बाजूनं निकाल दिला, सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये तो फिरवला. गिरणगावाला शेकडो एकरांची मैदानं, झाडं, सावली मिळू शकली असती, ती गेली. त्या तापमानाचा हिशेब कुणाच्या वैयक्तिक सवयींत बसवणार? लोअर परळच्या रहिवाशानं कितीही कापडी पिशव्या वापरल्या तरी त्या नियमापुढे त्यांचं काय चालणार होतं?

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. उंच इमारती हव्यातच, असं शहरनियोजन शिकलेली माणसं सांगतात. स्टेशनाजवळ दाट वस्ती असेल तर लोक चालत जातात, लोकलनं जातात. नाहीतर शहर विरार-बदलापूर ओलांडून पसरत जातं, शेती आणि खाजण खातं, आणि प्रत्येकाला दुचाकी लागते. हे मला पूर्ण मान्य आहे. दाटी हा मुंबईचा गुण आहे. दरडोई उत्सर्जन दोन टनांच्या आत आहे ते लोकलमुळे आणि लहान घरांमुळे. पण टॉवर उभे राहिले म्हणजे वस्ती दाट झाली, हे गृहीत धरू नये. जनगणना काढून पाहा. मुंबई शहर जिल्हा, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतचा भाग, २००१ मध्ये तेहतीस लाख अडतीस हजारांचा होता. गिरणगावात टॉवर उठण्याच्या त्या दशकानंतर, २०११ मध्ये, तो तीस लाख पंच्याऐंशी हजारांवर आला. त्याच दहा वर्षांत ठाणे जिल्हा एक्क्याऐंशी लाखांवरून एक कोटी दहा लाखांवर गेला. लोकसंख्या घटायला इतरही कारणं आहेत, पण एवढं नक्की की सिमेंट वाढलं आणि माणसं कमी झाली. ज्या चौरस फुटांत पाच कुटुंबं होती तिथे एक कुटुंब आणि त्याच्या तीन गाड्या आल्या, तर त्याला दाटी म्हणत नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हाळ्याचा आहे. चाळीचं आणि जुन्या बिल्डिंगचं कौतुक लिफ्ट असलेल्या घरात बसून करणं सोपं असतं. चौथ्या मजल्यावरच्या आजींना गुडघ्यांमुळे वर्षानुवर्षं खाली उतरता आलेलं नाही, छताचं प्लास्टर पंख्यावर पडतंय, गळतीला तीन वेळा वॉटरप्रूफिंग करून झालंय, आणि बिल्डर फुकट नवं घर देतोय. नाही कसं म्हणायचं? वरळीच्या बीडीडी चाळींत एकशेसाठ फुटांच्या खोलीत तीन पिढ्या राहिल्या, शौचालय सार्वजनिक. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यातल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना पाचशे फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. त्या कुटुंबांपुढे कुणी गॅलरीच्या गप्पा मारू नयेत. त्यांचा हक्क त्यांना उशिरा मिळाला.

पण बीडीडी चाळ शंभर वर्षांची आहे. बोरिवलीची तुमची-आमची सोसायटी १९८८ची असते. सोसायट्यांच्या पुनर्विकासाला जादा क्षेत्राचं बक्षीस देणारा ३३(७)(ब) हा नियम तीस वर्षांवरच्या इमारतींना लागू होतो. तिसाव्या वर्षी पाडा, प्रत्येक घरामागे किमान दहा चौरस मीटर जास्त घ्या. पन्नास वर्षं नीट राखा, दुरुस्त करा, लिफ्ट बाहेरून जोडा, तर बक्षीस शून्य. स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये सी-१ म्हणजे धोकादायक, पाडायलाच हवी. सी-२ए आणि सी-२बी म्हणजे मोठी दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ. मी पाहिलेल्या एका सभेत ऑडिटचा अहवाल सी-२बी आला तेव्हा लोकांचे चेहरे पडले होते. इमारत मजबूत निघाली म्हणून हिरमुसलेली माणसं जगात आणखी कुठे असतील असं वाटत नाही.

इमारत पाडणं हाही उपभोग आहे, आणि मोठा. एक टन सिमेंट तयार होताना अर्ध्या टनाहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्यातला निम्म्याहून अधिक चुनखडी भाजताना खुद्द त्या दगडातूनच निघतो, त्यामुळे भट्टी सौरऊर्जेवर चालवली तरी तो टळत नाही. त्यावर पोलाद, त्यावर रायगड-पालघरच्या डोंगरांतून फोडून आणलेली खडी आणि क्रश सँड. पाडलेल्या इमारतीचा राडारोडा रात्रीच्या डंपरनं कुठे जातो हे सगळ्यांना ठाऊक आहे. खाडीकाठच्या तिवरांमध्ये तो दिसतोच. २०२३च्या ऑक्टोबरात मुंबईची हवा इतकी बिघडली की पालिकेला बांधकामांभोवती पंचवीस आणि पस्तीस फुटी पत्रे लावायचे आदेश काढावे लागले. त्या दिवाळीत उच्च न्यायालयानं फटाके वाजवायची वेळ रात्री आठ ते दहा केली आणि चर्चा पुन्हा फटाक्यांवर गेली. फटाके तीन दिवस वाजतात, गल्लीतला खोदकामाचा ब्रेकर तीन वर्षं.

आता गाडीचं. घरासोबत दोन पार्किंग ‘फुकट’ आली की गाडी येतेच. जागा रिकामी ठेवणं मराठी मनाला जमत नाही. ही जागा फुकट नसते; तिचं काँक्रीट, तिची वायुवीजन यंत्रणा, स्टॅक पार्किंगची देखभाल, चोवीस तास दिवे, सगळं मेंटेनन्समध्ये येतं आणि गाडी नसलेलाही ते भरतो. खाली बेसमेंट आणि वर पोडियम झाल्यावर आवारात माती उरत नाही. आंबा-फणस जातात, पोडियमवर कुंडीतले पाम येतात. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तेव्हापासून नाले रुंद करण्यावर शहरानं अमाप पैसा घातला, आणि त्याच काळात पाणी मुरणारी आवारं एकेक करून बंद केली.

बेस्टकडे सव्वा दशकापूर्वी चार हजारांहून अधिक बस होत्या. आता तीन हजारांच्याही खाली आहेत आणि त्यातल्या बहुतेक भाडेतत्त्वावरच्या. मे २०२५ मध्ये किमान भाडं पाचावरून दहा रुपये झालं, कारण बेस्ट तोट्यात आहे. सागरी किनारा मार्गाचा मरीन लाइन्सजवळच्या प्रिन्सेस स्ट्रीट उड्डाणपुलापासून वरळीपर्यंतचा साडेदहा किलोमीटरचा रस्ता सुमारे चौदा हजार कोटींना पडला. त्यावर टोल नाही, दुचाकी आणि रिक्षांना प्रवेश नाही. तो मार्ग किती तोट्यात आहे, असं मात्र कुणी विचारत नाही. बसला तोटा होतो आणि रस्त्याला फक्त खर्च येतो. वरळी कोळीवाड्याच्या मच्छीमारांना तर त्यांच्या होड्या जाव्यात एवढं अंतर पुलाच्या खांबांमध्ये मिळावं म्हणूनही झगडावं लागलं, आणि साठ मीटरचे एकशेवीस मीटर झाले ते काम अडवल्यावर. मोटारींचं हे झुकतं माप वरून आलेलं आहे. पण खालून दोन-दोन पार्किंग मागणारे आपणच आहोत, आणि गाड्या वाढल्या म्हणून रस्ते हवेत ही मागणी पुढे करणारेही आपणच. इथे सरकारकडे बोट दाखवून मोकळं होता येत नाही.

म्हणून पुन्हा सभेकडे. नियम बदलायला वर्षं जातील. बाल्कनीला सूट द्या आणि पार्किंग मोजा, मोकळ्या जागेची कमतरता पैसे घेऊन माफ करणं थांबवा, दुरुस्तीला बक्षीस द्या, ही मागणी पालिकेकडे आणि नगरविकास खात्याकडे करायलाच हवी. पण काही गोष्टी आजच्या नियमांत बसतात आणि सोसायटी त्या मागू शकते. छज्जा मागता येतो. पश्चिमेच्या भिंतीवर काच कमी करा असं सांगता येतं. सरकत्या खिडक्यांऐवजी पूर्ण उघडणाऱ्या मागता येतात. प्रत्येक घराला दोन बाजूंनी वारा मिळेल असा नकाशा द्या, नाही मिळाला तर लेखी कारण द्या, असं म्हणता येतं. पार्किंग घरापासून वेगळं काढून, हवं त्यानं पैसे देऊन घ्यावं आणि न घेणाऱ्याला तेवढ्या किमतीचा कॉर्पस मिळावा, अशी अट घालता येते. माझ्या मते सभासदांच्या खिशाला ती सर्वांत फायद्याची आहे. आवाराचा एक कोपरा बेसमेंटशिवाय, खऱ्या मातीचा, झाडांसकट राखता येतो. गच्चीवर सौर पॅनेल लावून निदान लिफ्ट आणि पंपांचं बिल खाली आणता येतं. बिल्डर म्हणेल, ‘सेल’ला, म्हणजे बाजारात विकायच्या घरांना, हे चालत नाही, गिऱ्हाईक काच मागतं. मागत असेल. पण जमीन सोसायटीची आहे आणि वाटाघाटीत ती एवढीही गरीब नसते. ज्या सोसायट्या इटालियन मार्बलसाठी सहा महिने करार अडवून धरतात त्यांना छज्जा मिळवता येणार नाही, यावर माझा विश्वास नाही.

अडचण वेळेची आहे. सहकार कायद्यातल्या ७९(अ) कलमाखालच्या निर्देशांप्रमाणे आधी पीएमसी नेमला जातो, तो व्यवहार्यता अहवाल करतो, मग निविदेचा मसुदा सभासदांपुढे येतो, आणि नंतर निबंधकांच्या प्रतिनिधीसमोर बिल्डर निवडला जातो. या सगळ्या अटी घालायची जागा निविदेचा मसुदा ही आहे. बहुतेक सोसायट्यांत तो मसुदा पीडीएफ होऊन ग्रुपवर येतो, साठ-सत्तर पानांचा, इंग्रजीत, आणि खाली अंगठ्यांची रांग लागते. तो मराठीत मागावा, सभेत पानापानानं वाचावा, त्यासाठी एक रविवार द्यावा. विकसन करारनामा नोंदला गेला की सभासदांच्या पसंतीला टाइल्सच्या रंगाचे तीन नमुने येतात, त्यातला एक निवडायचा असतो.